चौघांच्या बैठकींतला पांचवा

दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांनीं मिळून वाजविण्यासाठीं जी रचना केलेली असते तिला पाश्चात्य संगीतांत क्वार्टेट म्हणतात. आम्ही तिला या लेखापुरतें चतुष्टय म्हणूं. हा प्रकार मूळचा दिवाणखान्यांतला. त्यांत ऑपेराची रोषणाई नाहीं कीं सिंफनीचें सैन्य नाहीं. चार सुसंस्कृत माणसांनीं समोरासमोर बसून, एकमेकांचें ऐकत आणि एकमेकांना उत्तरें देत संभाषण करावें, तसें त्याचें स्वरूप. असल्या बैठकींत शेतावरचा किंवा बांधकामावरचा माणूस येऊन बसेल अशी कल्पनाहि सहसा कोणी करणार नाहीं. तरीपण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रशियाच्या खेड्यांतलें गाणें या बैठकींत शिरलें, आणि तें शतक संपत आलें तरी तें तेथून उठलें नव्हतें. तें पाहुणा म्हणून आलें कीं त्याला धरून आणलें, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळीत आला आहे. तो आमच्यापुढें प्रथम ठेवला आमच्या एका स्नेह्यांनीं. आणि त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हीं चुकीचें दिलें.

हे स्नेही आमच्याच महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. वयानें ते आमच्याहून पुष्कळ वडील, आणि ख्यालगायकीचे मोठे मर्मज्ञ. पाश्चात्य संगीताकडे ते केवळ कुतूहलानें पाहत. वीसएक वर्षांपूर्वीं एका रविवारीं सायंकाळीं ते आमच्याकडे आले असतां आम्हीं त्यांना चायकोव्हस्कीच्या पहिल्या चतुष्टयांतील दुसरा, संथ भाग ऐकविला. ‘आंदान्ते कांताबिले’ या नांवानें तो जगभर प्रसिद्ध आहे. तो संपल्यावर ते कांहीं वेळ स्वस्थ बसले आणि मग म्हणाले, ‘‘गोड आहे. ही चाल कोणाची?’’ आम्हीं सांगितलें कीं, १८६९ च्या उन्हाळ्यांत चायकोव्हस्की आजच्या युक्रेनमधील कामेन्का येथें आपल्या बहिणीच्या घरीं राहत असतां तेथल्या एका कामकऱ्याच्या तोंडून त्यानें ती ऐकली व टिपून घेतली. वान्या नांवाच्या तरुणाचें तें अगदीं साधें गाणें आहे.

‘‘त्या कामकऱ्याचें नांव काय?’’

तें आम्हांला ठाऊक नव्हतें.

‘‘म्हणजे गाणें जगभर हिंडलें आणि गाणारा तेथेंच राहिला,’’ ते म्हणाले. ‘‘आणखी एक सांगा. आमची आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे. त्या ओवीला कोणी तबल्याचा ठेका लावला, तर ठेका राहील. ओवी राहील का हो?’’

आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें. लोखंडाला परीस लागला तर त्यांत लोखंडाचें नुकसान तें काय, असें आम्ही म्हणालों. ते हंसले. ‘‘तें लोखंडच होतें हें तुम्हीं ठरविलेंत कसें?’’ एवढेंच विचारून त्यांनीं चहाचा पेला उचलला.

वाद तेथें संपला. आमच्या मनांत मात्र संपला नाहीं. पुढें ज्या ज्या वेळीं आम्ही ही चतुष्टयें ऐकत गेलों त्या त्या वेळीं स्नेह्यांचा तो प्रश्न आमच्या शेजारीं येऊन बसूं लागला. त्याचा माग काढीत आम्हीं जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

या कथेची सुरुवात रशियांत होत नाहीं. ती व्हिएन्नांत होते. तेथें काउंट आंद्रेइ राझुमोव्हस्की हा रशियाचा वकील होता. तो स्वतः चतुष्टयांत दुसरें व्हायोलिन वाजवी, आणि १८०८ मध्यें त्यानें इग्नाझ शुपान्त्सिग या नामांकित वादकाच्या नेतृत्वाखालीं आपल्या पदरीं एक चतुष्टय-मंडळहि ठेविलें. त्याच्यासाठीं बीथोव्हेननें १८०६ मध्यें तीन चतुष्टयें रचलीं. तीं ५९ व्या क्रमांकाच्या ग्रंथांत १८०८ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि राझुमोव्हस्कीच्याच नांवानें आजहि ओळखलीं जातात. यांपैकीं पहिल्या दोहोंत बीथोव्हेननें एकेक रशियन चाल घेतली आहे आणि त्या त्या ठिकाणीं ‘रशियन चाल’ असें फ्रेंच भाषेंत स्पष्ट लिहून ठेविलें आहे.

या राझुमोव्हस्कीच्या घराण्याची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. याचा चुलता अलेक्सेइ हा युक्रेनमधील एका कोसॅकाचा मुलगा. लहानपणीं गुरें राखणारा आणि गांवच्या देवळांत गाणारा. त्याच्या आवाजाची ख्याति एका सरदाराच्या कानीं गेली, आणि १७३१ मध्यें त्याला राजधानींत दरबारी गायकवृंदांत नेण्यांत आलें. तेथें राजकन्या एलिझाबेथची त्याच्यावर मर्जी बसली, आणि १७४१ मध्यें ती सम्राज्ञी झाल्यावर या घराण्याचें दैव उघडलें. अलेक्सेइचा धाकटा भाऊ किरिल, जो वडिलांचीं गुरें वळीत होता, तो परदेशांत शिकून आला आणि वयाच्या अठराव्या वर्षीं विज्ञान-अकादमीचा अध्यक्ष झाला! व्हिएन्नांतला काउंट हा या किरिलचा मुलगा. म्हणजे ज्या दिवाणखान्यांत खेड्याचें गाणें पाहुणें म्हणून आलें त्या दिवाणखान्याचें ऐश्वर्यच मुळीं एका खेडवळ गळ्यावर उभें होतें. बीथोव्हेनच्या मनांत हें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दिवाणखाना आणि खेडें यांतलें अंतर आम्ही समजतों तितकें मोठें नसतें, ही गोष्ट आम्हांला येथें प्रथम उमगली.

बीथोव्हेनला या चाली मिळाल्या त्या पुस्तकांतून. निकोलाय ल्व्होव्ह हा कवि व वास्तुशिल्पज्ञ आणि इव्हान प्राच हा मूळचा बोहेमियाचा संगीतज्ञ, या दोघांनीं मिळून रशियन लोकगीतांचा एक संग्रह १७९० मध्यें पीटर्सबर्ग येथें प्रसिद्ध केला होता. गाणीं जमविलीं ल्व्होव्हनें. प्राचनें तीं स्वरलेखनांत बसवून त्यांना पियानोची साथ जोडली. पहिल्या चतुष्टयाच्या शेवटच्या भागांत जी चाल आहे ती या संग्रहांत संथ गतीची आहे. आपल्या दैवाला उद्देशून म्हटलेलें, मायनर स्वरावलीकडे झुकणारें तें एक उदास गाणें. बीथोव्हेननें काय केलें? त्यानें तें एफ मेजरच्या लख्ख उजेडांत आणलें, त्याला द्रुत गति दिली, आणि पहिल्या व्हायोलिनचा एक स्वर वर कंप पावत असतां खालून चेलोच्या तोंडीं तें असें घातलें कीं ऐकणाऱ्याचा पाय नकळत ताल धरतो.

दुसऱ्या चतुष्टयांतली चाल याहून प्रसिद्ध. ती ‘स्लावा’ म्हणजे ‘जय’ या घोषाचें गीत. नाताळच्या दिवसांत रशियन मुली एका पात्रांत आंगठ्या वगैरे वस्तु टाकून भविष्य पाहण्याचा खेळ खेळत. त्या वेळचीं जीं गाणीं, त्यांपैकीं हें एक. देवाचा जय, राजाचा जय, असें तें चढत जातें. पुढें मुसोर्गस्कीनें आपल्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ या ऑपेरांत, जो १८७४ मध्यें रंगभूमीवर आला, राज्याभिषेकाच्या प्रवेशांत हीच चाल सबंध जनसमुदायाच्या तोंडीं घातली आणि तिला भव्यता आणली. बीथोव्हेननें मात्र ती प्रथम व्हायोलाला दिली आणि मग चारी वाद्यांकडून तिचा एकामागून एक असा पाठलाग चालविला कीं, शाळेंतल्या मुलांनीं परवचा घोकावा तसा भास व्हावा. कित्येक टीकाकारांना यांत थट्टा दिसते. आम्हांलाहि तशीच दिसत असे. इतकेंच नव्हे, तर स्नेह्यांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही त्यांच्या पक्षाकडे झुकूं लागलों होतों. उदास गाण्याला नाचावयास लावावयाचें आणि मंगलगीताचा परवचा करावयाचा, यापेक्षां ओवीला ठेका लावणें तें निराळें काय?

हें मत आम्हीं कांहीं वर्षें बाळगिलें आणि विद्यार्थ्यांपुढें बोलूनहि दाखविलें. पुढें एके दिवशीं पहिल्या चतुष्टयाचा शेवट ऐकत असतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि ती इतके दिवस आली नव्हती याची आम्हांला लाज वाटली. सगळी धांवपळ होऊन गेल्यावर, समाप्ति अगदीं जवळ आली असतां, बीथोव्हेन एकाएकीं थांबतो. गति उतरते, स्वरलिपींत ‘आदाज्यो’ म्हणजे विलंबित असा शब्द येतो, आणि तीच रशियन चाल थोडक्या मात्रांपुरती आपल्या मूळच्या संथ पावलानें चालूं लागते. पियानोच्या साथीचें किंवा पांडित्याचें ओझें तिच्यावर नसतें. मग एक झपाट्याचा झोत येतो आणि सगळें संपतें. ज्यानें इतका वेळ त्या गाण्याला पळविलें त्याला त्याची खरी चाल ठाऊक होती. आणि निरोप घेण्यापूर्वीं ती त्यानें परत केली. मराठींत गाण्याच्या सुरावटीला आणि माणसाच्या चालण्याला एकच शब्द आहे. तो शब्द किती नेमका आहे हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. गाणें घेणें म्हणजे त्याचे स्वर घेणें नव्हे. त्याला त्याच्या पावलांनीं चालूं दिलें कीं नाहीं, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे.

या कसोटीवर चायकोव्हस्की घासून पाहूं. त्याचें पहिलें चतुष्टय १८७१ चें. ते दिवस त्याच्या ओढाताणीचे होते. केवळ स्वतःच्या रचनांचा जलसा करून चार पैसे मिळवावे असा बेत त्यानें मॉस्कोंत केला. वाद्यवृंदाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून चार वाद्यांची ही रचना त्यानें लिहिली, आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यांत ती प्रथम वाजविली गेली. कामेन्कांतलें गाणें तिच्या दुसऱ्या भागांत येतें. वाद्यांचा आवाज मंद केलेला असतो. आणि येथें लक्ष देण्यासारखी गोष्ट ही कीं, दोन मात्रांचे खंड चालूं असतांना मधेंच तीन मात्रांचा खंड येतो. गाणाऱ्यानें जेथें श्वास लांबविला असेल तेथें लिहिणाऱ्यानें तो तसाच लांबूं दिला आहे. ठेक्यासाठीं गाणें कापलेलें नाहीं; गाण्यासाठीं ठेका वांकविला आहे.

हें केवळ सहज घडलें असें कोणी म्हणेल. परंतु तसें नाहीं. १८७६ च्या डिसेंबरांत काउंट टॉलस्टॉय मॉस्कोस आला असतां निकोलाय रुबिन्स्टाइन यानें त्याच्यासाठीं संगीतशाळेंत एक बैठक योजिली. चायकोव्हस्की टॉलस्टॉयच्या शेजारीं बसला होता. ‘आंदान्ते’ वाजूं लागलें तशी त्या महापुरुषाच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. इतका धन्यतेचा क्षण आपल्या आयुष्यांत दुसरा आला नसेल, अशा अर्थाची नोंद चायकोव्हस्कीनें दहा वर्षांनीं आपल्या रोजनिशींत केली आहे. ही कथा सर्वांना माहीत असते; तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाहीं. टॉलस्टॉयनें त्यानंतर चायकोव्हस्कीकडे कांहीं लोकगीतांचें स्वरलेखन पाठविलें आणि त्यांचा उपयोग करावा असें सुचविलें. ज्याच्या अश्रूंनीं आपण धन्य झालों त्याला नाहीं म्हणणें सोपें नसतें. परंतु चायकोव्हस्कीनें आदरपूर्वक पण स्पष्ट कळविलें कीं, हीं गाणीं अनभ्यस्त हातांनीं टिपलेलीं आहेत, त्यांच्या मूळ सौंदर्याची केवळ खूण शिल्लक राहिली आहे. आणि मुख्य दोष हा कीं तीं बळेंच सारख्या मात्रांच्या तालांत कोंबलीं आहेत. सारख्या आघातांचा ताल नृत्यगीतांना असतो. वीरगाथांना तो लावणें हा अन्याय होय, असा त्याचा आशय होता.

आमच्या स्नेह्यांनीं ओवीविषयीं जें विचारलें होतें तेंच हें! त्यांनीं ज्याच्यावर आरोप ठेविला तो आरोपी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं त्यांच्याच बाजूनें साक्ष देऊन गेला होता, हें त्यांना सांगावयास मिळतें तर किती बरें झालें असतें.

टॉलस्टॉयचें मन पुढें कोणीकडे गेलें हेंहि पाहण्यासारखें आहे. १८९७-९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथांत तो सांगतो कीं, आपल्या मुलीच्या लग्नानिमित्त शेतकरी बायकांनीं केलेलें गाणें ऐकून आपलें मन उल्हसित झालें. त्याच सायंकाळीं एका निष्णात वादकानें बीथोव्हेनचा १०१ क्रमांकाचा सोनाटा वाजविला, त्यानें मात्र मनांत कांहींच उतरलें नाहीं. म्हणून बायकांचें तें गाणें खरी कला, आणि तो सोनाटा म्हणजे कलेचा फसलेला यत्न. या निकालाशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु ज्या टॉलस्टॉयनें १८७६ मध्यें दिवाणखान्यांत अश्रु ढाळले, त्याला वीस वर्षांनीं दिवाणखानाच नकोसा झाला, यांत आमच्या परिसाच्या दृष्टांतावर एक मोठें प्रश्नचिन्ह उमटतें.

तें प्रश्नचिन्ह पुसणारा पुरावा संगीतज्ञांनींच आणून दिला, आणि तो आमच्या विरुद्ध गेला. बीथोव्हेनपासून चायकोव्हस्कीपर्यंत सर्वसाधारण समजूत अशी कीं, खेडूत एक सुटी चाल गातो, आणि तिला साथ व स्वरसंवाद जोडून शिक्षित रचनाकार तिचें वैभव वाढवितो. १८७९ मध्यें यूली मेलगुनोव्ह यानें एक संग्रह काढून दाखविलें कीं, रशियन शेतकरी एकत्र गातात तेव्हां सगळे एकच सुरावट म्हणत नाहींत. प्रत्येकजण मूळ चालीचा आपापला पाठ म्हणतो, आणि ते पाठ कधीं एकत्र येतात, कधीं फुटतात. या जोडस्वरांना ते ‘पोदगोलोस्की’ म्हणतात. पुष्कळांचा यावर विश्वास बसला नाहीं. मग येव्हगेनिया लिन्योव्हा ही विदुषी १८९७ पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडली, आणि यंत्रानें साक्ष दिली ती तीच. म्हणजे तेथें साथ करणारा कोणी नाहीं आणि मुख्य गवईहि कोणी नाहीं. एकमेकांचें ऐकत, एकमेकांना उत्तरें देत चाललेलें तें संभाषण होतें. चतुष्टयाची जी व्याख्या आम्हीं आरंभीं केली तीच ही नव्हे काय? ज्याला आम्ही लोखंड म्हणालों त्याच्या घरीं स्वतःची टांकसाळ होती.

रशियांतल्या रचनाकारांनाहि या दोन घरांतलें नातें लवकर ओळखूं आलें नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत बोरोदिननें आपलें पहिलें चतुष्टय लिहावयास घेतलें, तेव्हां त्याचे राष्ट्रीय बाण्याचे मित्र, मुसोर्गस्की आणि टीकाकार स्तासोव्ह, यांना धक्काच बसला. चतुष्टय म्हणजे जर्मनांची विद्या. रशियन माणसाला ती कशाला हवी? बोरोदिन पेशानें रसायनशास्त्राचा प्राध्यापक; दोन मूलद्रव्यांचा संयोग होतो तेव्हां दोहोंहून निराळें असें तिसरें कांहीं निर्माण होतें, हें त्याला मित्रांपेक्षां अधिक ठाऊक असावें. १८८१ मध्यें त्यानें दुसरें चतुष्टय लिहून पत्नीला अर्पण केलें. त्यांतल्या ‘नोक्टुर्न’ या भागांत चेलो उंच स्वरांत एक दीर्घ, सैल श्वासाची सुरावट गातो. मग ती व्हायोलिन उचलतें. पुढें दोघे एकमेकांच्या पाउलावर पाऊल ठेवीत जातात. येथें ‘रशियन चाल’ असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं, आणि तें लिहिण्याची गरजहि वाटत नाहीं. पाहुणा आतां घरचा झाला आहे.

याच सुमारास पीटर्सबर्गमध्यें मित्रोफान बेल्यायेव्ह या इमारती लांकडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरीं दर शुक्रवारीं चतुष्टयाची बैठक भरे. तो उदार होता, रसिक होता, आणि रशियन संगीत छापण्यासाठीं त्यानें १८८५ मध्यें लाइप्झिग येथें प्रकाशनसंस्थाहि काढली. १८८६ मध्यें रिम्स्की-कोर्साकोव्ह, ल्याडोव्ह, बोरोदिन आणि ग्लाझुनोव्ह या चौघांनीं त्याच्या सन्मानार्थ एकेक भाग रचून एक चतुष्टय केलें. त्यांत बी, ला आणि एफ या तीन स्वरांनीं बेल्यायेव्हच्या नांवाचा उच्चार साधला आहे. यजमानाचें नांव असें स्वरांत कोरून ठेवण्याची कला या मंडळींना साधलेली होती. कामेन्कांतल्या कामकऱ्याचें नांव मात्र शाईंतहि उतरलें नाहीं. स्नेह्यांचा पहिला प्रश्न येथें पुनः आमच्यापुढें उभा राहतो.

१८९३ मध्यें चायकोव्हस्की वारला. पुढल्या वर्षीं आंतोन आरेन्स्की यानें त्याच्या स्मरणार्थ एक चतुष्टय लिहिलें. त्यांत त्यानें नेहमींच्या दोन व्हायोलिनांऐवजीं एकच ठेवून चेलो दोन घेतले, म्हणून त्याचा आवाज गडद झाला आहे. आरंभीं रशियन देवळांतला मृतांसाठींचा प्रार्थनास्वर येतो. मध्यें चायकोव्हस्कीच्याच एका बालगीतावर रचलेलीं आवर्तनें येतात. आणि शेवटीं येते तीच ‘स्लावा’ची चाल. बीथोव्हेननें जिला व्हिएन्नांत परवचा म्हणावयास लाविलें ती अठ्ठ्याऐंशीं वर्षांनीं आपल्या देशीं, आपल्या माणसाच्या श्राद्धाला येऊन उभी राहिली. मधल्या काळांत ती दिवाणखान्यांत राहून आली म्हणून तिचें कांहीं गेलें असें आम्हांला वाटत नाहीं. उलट दिवाणखान्यालाच त्या अवधींत पुष्कळ शिकावें लागलें: दोन मात्रांच्या रांगेंत तीन मात्रांना जागा द्यावयास, गाणाऱ्याच्या श्वासासाठीं थांबावयास, आणि आपण एकटेच संभाषण जाणतों हा अभिमान टाकावयास.

आमचे स्नेही आज हयात नाहींत. असते तर आम्हीं परिसाचा दृष्टांत परत घेतला असता, आणि त्यांना बीथोव्हेनच्या त्या विलंबित मात्रा ऐकविल्या असत्या. गाणें घेणाऱ्यानें पावती द्यावी, ती बीथोव्हेननें दिली. गाणें त्याच्या चालीनें चालूं द्यावें, तें चायकोव्हस्कीनें केलें. ओवीला ठेका लावला तर ओवी राहील का, याचें उत्तर आतां आम्ही असें दिलें असतें कीं, ठेका लावणारा आधीं जात्यापाशीं बसला असेल तर राहील. त्यावर ते हंसले असते, आणि त्या कामकऱ्याचें नांव काय, हें त्यांनीं पुनः एकदां विचारलें असतें. तें आम्हांला अजूनहि सांगतां येत नाहीं. तेवढ्यापुरता तो वाद तेच जिंकले आहेत.